पाणकराची सुट्टी

“एवढ्या समुद्रात उभं राहून यायनं वरतं आणखी टाकं कायले बांधलं जी?” धुरपताने विचारले.

जहाजाच्या माथ्यावरच्या तरणतलावात पोरे डुंबत होती. शेजारच्या आरामखुर्चीवर तिचा नवरा मनिराम बसला होता. ती खुर्ची आडवे होण्यासाठी होती. पण त्याची पाठ तिला टेकलेली नव्हती. मुंबईहून काल निघालेले जहाज आज दिवसभर नुसत्या पाण्यातून जाणार होते. कुठे उतरायचे नव्हते. काही करायचे नव्हते.

“मामाजी, आज फक्त आराम,” सून रेणूने सकाळीच बजावले होते.

मनिराम समुद्राकडे पाहत होता. पाळ नाही, पाट नाही, वाटेकरी नाही. जे पाणी कुणाच्याच वाट्याचे नाही, त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे त्याला उमगत नव्हते. त्याची सारी हयात पाणी वाटण्यात गेली होती.

तिकडे, सौंदडच्या पलीकडे, त्याच्या गावात आज तलावाचे शेवटचे पाणी सुटत होते. यंदा तलाव अर्धाच भरला होता. धानाच्या लोंबीत दूध धरत होते, आणि या पाण्यावाचून त्या दुधाचा दाणा होणार नव्हता. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी तो तलाव बांधला होता; त्याचे पाणी वाटणारा पाणकर मनिरामच्याच घरातला असे. तरुणपणापासून हा दिवस मनिरामने तलावाच्या पाळीवर, बांधावर उभे राहून काढला होता. यंदा त्याने गावाच्या बैठकीत एवढेच सांगितले, “पाणी कवडू वाटंल,” आणि तो खाली बसला.

बैठक पेटली होती. कवडू त्याचा धाकटा भाऊ. फार वर्षांपूर्वी, अशाच एका तुटीच्या साली, त्याने पाट फोडून आपल्या बांधीत, धानाच्या खाचरात पाणी वळवले होते. सर्वांसमक्ष ते पाणी बंद केले मनिरामनेच. तेव्हापासून कवडूला गावात दुसरे नाव उरले नाही. मुलीची सोयरीक करायला तो गेला, तर ‘पाणीचोर’ हा शब्द त्याच्याआधी तिथे पोचून बसला होता.

“बोक्याले दुधाच्या राखणीले बसवून आले तुमी,” प्रफुल म्हणाला. मुलगा मुंबईत नोकरीला होता. पण रागावला की बोली गावची होई. “काका पयले आपली बांधी भरंल. मंग लोक तुमच्या नावानं बोंबा मारतीन.”

“मारू दे.”

“कितीक वर्सांपासून म्हणून राहिलो, चला जहाजावर. दरवर्षी नाई. आन् यंदा तुमीच फोन केला, तिकीट काढ म्हणून. हेच साल कसं सापडलं तुमाले?”

मनिरामने हातातला फोन पुन्हा उघडून पाहिला. किनारा मागे पडल्यापासून रेंज नव्हती, फोन मुका होता.

दुपारी ताट तसेच राहिले. मनाने तो पाटाच्या काठाकाठाने चालत होता. आता पाणी उदारामच्या धानात शिरले असेल. माती ते अधाशासारखे पीत असेल. आता नाल्याजवळच्या बांध्या. आता आपली. कवडूच्या बांधीपाशी आले की त्याचे मन अडखळे, मागे फिरे, आणि पुन्हा पहिल्यापासून चालू लागे. भोवती संगीत चालले होते. उन्हात अंग टाकून माणसे सुखाने झोपली होती.

धुरपताने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“भेव वाटते का जी?”

“हाव.”

“कवडूचं?”

त्याने फोनची काच धोतराला पुसली आणि पुन्हा रेंज पाहिली.

दिवस मावळताना दूर किनाऱ्याची करडी रेघ उमटली आणि फोन खणखणला. गावचा उदाराम होता. कमी ऐकू येई म्हणून मनिरामने आवाज मोठा केला.

“कुठी गेले होते जी मनिरामभाऊ? सकाळपासून फोन लावून राहिलो!”

“पाणी पुरलं का?”

“पुरलं. साऱ्याइच्या बांध्या भिजल्या. एकच कोरडी राह्यली.”

“कोणाची?” प्रफुल पुढे वाकला.

“कवडूची. पाणकराची बांधी सगळ्यात शेवटी, ही रीत हाय ना आपली. त्याच्यापाशी येतवरी तलाव तळाले गेला. लोकच म्हणत, आमचं थोडं वळव, आमी डोये मिटतो. नाई आयकला. जमुनाबाई रडून राहिली, नवऱ्याले शिव्या देऊन राहिली, तरी नाई आयकला. धान पोचट जाईन त्याचं. आन् आता पाहा, सारा गाव त्याच्याच आंगनात बसून हाय. पुढच्या सालीबी पाणी त्यानंच वाटावं म्हणते.”

फोन बंद झाला. धुरपताने पदर डोळ्यांना लावला. प्रफुल बापाच्या खुर्चीजवळ येऊन बसला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “बाबा, तुमी गावात असते तर काकाचं धान वाचलं असतं.”

“वाचलं असतं,” मनिराम म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने पाठ खुर्चीला टेकली. “तो कोरडा राह्यलेला पाहवला नसता मले. माह्या हातानं चोरून सोडलं असतं त्याच्या बांधीत पाणी. आन् त्याच्यावरचा डाग तसाच राह्यला असता. म्हणून तर आलो तुह्या जहाजावर.”