पाट्टादाचं पातं

गोनारियो मेस्त्रींनी नखानं पातं अलगद ओढलं आणि चाकू उघडला. लारेन्तु श्वास घ्यायचा विसरला.

पातं विलायती मेंदीच्या पानाच्या घाटाचं होतं. मुळाशी भरदार, टोकाला निमुळतं. पोलादात पाण्याच्या रेघा होत्या. वाऱ्यानं तळ्यावर तरंग उठावेत आणि तिथंच गोठावेत, तशा. मूठ रानमेंढ्याच्या शिंगाची. खिडकीतला उजेड तिच्यातून मधासारखा पाझरत होता.

लारेन्तुनं हात विजारीला पुसले आणि मगच पुढे केले. पन्नाशी उलटलेला मेंढपाळ तो. आजवर बापाचाच चाकू वापरत आला होता. घासून घासून त्याचं पातं काडीएवढं उरलं होतं, ते मेंढीच्या खुरातला खडा काढताना मोडलं. तेव्हापासून त्याच्या खिशात प्लास्टिकच्या मुठीचा चाकू होता आणि कुरणावरची माणसं त्याला हसत होती. चाकूंसाठी नावाजलेल्या पाट्टादा गावचा माणूस आणि असला चाकू!

पाट्टादात चाकू करणारे पुष्कळ. पण मेस्त्रींचा चाकू गावातल्या कुणाच्या खिशात नव्हता. ते एकेका चाकूवर महिनोन्महिने बसत. लारेन्तु लहानपणापासून या दुकानावरून जात आला होता. आत पाऊल मात्र आजच टाकलं होतं.

"चाकू बघतोयस की नवरी?" त्याची बायको मालेना दाराशी उभी राहून म्हणाली. "माझ्याकडं असं कधी बघितलं नाहीस."

"हा बघ कसा चटकन मिटतो," लारेन्तु पुटपुटला. "तुझं तोंड मिटत नाही."

मेस्त्री मिशीत हसले. मग त्यांनी किंमत सांगितली, तेव्हा कुणीच हसलं नाही.

"एवढ्या पैशांत दुभत्या मेंढ्या येतील," मालेना हळूच म्हणाली. "चाकू काय दूध देणार आहे? आणि घेऊन करशील काय? चीज कापशील याच्यानं? तुझा जीवच होणार नाही. फडक्यात गुंडाळून मेरीमातेच्या तसबिरीशेजारी ठेवशील आणि रोज हात जोडशील."

तिचं खरं होतं. इतकी देखणी वस्तू लारेन्तुनं जन्मात हातात धरली नव्हती. हिनं खुरातली घाण काढायची? वेदीवरच्या रेशमानं नाक पुसल्यासारखंच की ते. आणि वापरायचा नाही तर घ्यायचा कशाला?

"जरा उन्हात बघू?" त्यानं विचारलं.

"बघ की."

तो उंबऱ्याबाहेर आला. उन्हात त्या रेघा हलल्यासारख्या वाटल्या. पातं उलटंसुलटं करत तो पाहतच राहिला. ठेवून द्यावा आणि घरी जावं, असं त्याच्या मनानं जवळजवळ घेतलं होतं.

तेवढ्यात उतारावरून टापांचा आवाज आला, पाठोपाठ किंकाळ्या. बेकरीवाल्या बाकीसची नवी घोडी उधळली होती. बाकीस पाठीवर नव्हता. खाली पडला होता, पाय रिकिबीत अडकला होता आणि घोडी त्याला दगडी रस्त्यावरून फरफटत आणत होती. माणसं दारांत शिरली. समोरच्या भिंतीला धडकून घोडी थबकली, मागच्या पायांवर उभी राहिली, लाथा झाडू लागली. बाकीसचं डोकं तिच्या टापांपासून वीतभर लांब होतं.

लारेन्तु धावला. डाव्या हातानं त्यानं लगाम धरला, खांदा घोडीच्या बरगड्यांत रोवला आणि उजवा हात खाली घातला. रिकिबीचा पट्टा जाड होता, जुना, घाम पिऊन लाकडासारखा कडक झालेला. पातं त्यातून असं गेलं, की आपण कापलं हे लारेन्तुला बाकीसचा पाय सुटल्यावर कळलं.

घोडी निघून गेली. मालेनानं बाकीसचं डोकं मांडीवर घेतलं, ॲप्रननं त्याचं रक्त पुसलं. बाकीसनं डोळे उघडले आणि पहिला शब्द काढला, तो घोडीच्या आईवरून. मग सगळे एकदम हसले, आणि धावत आलेली बाकीसची आई रडायला लागली.

तेव्हा कुठं लारेन्तुचं हाताकडं लक्ष गेलं. पात्यावर बाकीसचं रक्त होतं, घोडीचे केस होते, कातड्याचं काळं तेल होतं. टोक भिंतीच्या दगडाला लागलं होतं. पाण्याच्या त्या रेघांवरून एक लांब ओरखडा गेला होता. मुठीचा टवका उडाला होता. त्यानं मान वर केली तर मेस्त्री दारात उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

त्यानं चाकू त्यांच्यापुढं धरला. "माझ्या हातून नासला, मेस्त्री. आता मीच घेतो."

"तो घेईलच," मागून मालेना म्हणाली. "नाही घेतला तर मी घेते."

मेस्त्रींनी चाकू पुसला नाही. धारेवरून अंगठा फिरवला. मग बोट त्या ओरखड्यावर नेलं आणि तिथंच ठेवलं. म्हातारा आता चिडणार, असं लारेन्तुला वाटलं.

"असले किती केले मी," मेस्त्री म्हणाले. "मिलानला गेले, पॅरिसला गेले, पार जपानपर्यंत गेले. घेणारे पांढरे हातमोजे घालून यायचे. मखमलीत ठेवायचे, काचेमागं ठेवायचे."

त्यांनी चाकू उजेडात धरला. मघाशी लारेन्तु पाहत होता, तसेच ते पाहत होते.

"पण माझ्या चाकूनं काही कापलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं, बाबा."