फरशीच्या नक्षीचा कागद

“सोयाबीन कुठं वाळवता?” चन्नबसप्पांनी विचारलं.

“हवेत,” धोंडीबा म्हणाला.

चन्नबसप्पांनी ते लिहून घेतलं. ते कस्टम खात्याचे अधिकारी होते, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून वाईट उत्तरं लिहून घेतली होती.

कळंबच्या दुकानदार मुनवरनं सोयाबीन वाळवायला म्हणून परदेशातून प्लास्टिकच्या कागदाचे चारशे रोल मागवले होते. कागदपत्रांत त्यानं लिहिलं, साधी प्लास्टिक शीट. बंदरावर रोल उघडला तर त्यावर फरशीची नक्षी. खातं म्हणालं, हे तर जमिनीवर घालायचं आच्छादन. त्याचा वर्ग वेगळा, कर जास्त, वर खोटी माहिती दिल्याचा दंड. मुनवर म्हणाला, ही नक्षी स्वस्तात मिळाली, आणि सोयाबीनला नक्षीतलं काही कळत नाही. माल अडकून पडला. काढणीला बारा दिवस उरले होते. काढणी एकदा उरकली की ह्या मालाला वर्षभर कुत्रं विचारणार नव्हतं.

शेवटी ठरलं, लोक हा कागद कशाला वापरतात ते अधिकाऱ्यानं गावी जाऊन बघावं. नमुन्याचा एक रोल मुनवरच्या घरी होताच. गल्लीत त्याचे तुकडे वाटले गेले. सोबत मुनवरनं दोन दिवस शिकवणीही घेतली. नियम एकच. जमीन, फरशी, भुई, अंगण, यांतला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही.

“पाऊस आला की डोक्यावर घेते,” शेजारच्या कडूबाईनं सांगितलं.

“आणि पाऊस नसला की?”

“पावसाची वाट बघते.”

चन्नबसप्पा धोंडीबाकडं वळले. “तुम्हाला जमीन किती?” त्यांनी आपलं सहज विचारलं.

धोंडीबानं मुनवरकडं बघितलं. मग तो सात एकरांचा मालक ठामपणे म्हणाला, “न्हाय.”

दुपार झाली. अजून काही बिघडलं नव्हतं. साहेब गाडीकडं निघाले तेवढ्यात आतून मुनवरची आई, नसीमबी, दारात आली. ती सकाळपासून चुलीपाशी होती. तिला शिकवायचं राहून गेलं होतं.

“जेवून जावा, सायेब.”

“ड्युटीवर आहे, अम्मा.”

“ड्युटीवाल्याला पोट नसतंय व्हय? वांग्याचं केलंय. तुमच्यासाठी येगळ्या पातेल्यात.”

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. चन्नबसप्पा आत आले. नसीमबीनं कोपऱ्यातला रोल ओढला, कात्रीनं पाच हात कागद कापला आणि खोलीच्या मधोमध अंथरला. फरशीवर. नक्षी खालच्या फरशीशी अशी जुळली, की घर कुठं संपतं आणि माल कुठं सुरू होतो ते सांगता येईना.

मुनवर भिंतीला टेकून खाली बसला.

“फरशीवर अंथरला,” चन्नबसप्पांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं. मग मापं घ्यायला त्यांनी खिशातून टेप काढली आणि पाऊल उचललं.

“ओ सायेब! पाय!”

पाय हवेतच राहिला.

“दस्तरखान हाय त्यो. अन्न वाढायचंय त्याच्यावर. अन्नाच्या जागी पाय देताव? एवढं शिकलाव, हे कुणी शिकवलं न्हाय का?”

“चुकलं, अम्मा,” चन्नबसप्पा एका पायावर उभे राहून म्हणाले. “म्हणजे यावर कुणीच चालत नाही?”

“चालायला भाईर एवढा रस्ता केलाय की सरकारनं!”

दारात उभ्या असलेल्या धोंडीबानं आणि कडूबाईनं आपापले पाय गुपचूप मागं घेतले.

साहेब कडेला मांडी घालून बसले. तीन भाकरी खाल्ल्या. हात धुवायला भिंतीला घासत, लांबून वळसा घालून गेले. मग त्यांनी अहवाल पुरा केला: ‘सदर वस्तू फरशीवर असूनही फरशीची नाही. तिच्यावर पाऊल टाकण्यास स्थानिकांचा तीव्र विरोध आहे. स्वतः अनुभव घेतला. सबब, साधी प्लास्टिक शीट.’

पाचव्या दिवशी माल सुटला. आठव्या दिवशी चारशे रोल कळंबला आले. मुनवरनं गल्लीत पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच दुकान उघडलं.

दुपारपर्यंत एकही माणूस आला नाही. रस्त्यानं जाणारे मात्र दुकानासमोर जरा हळू होत होते.

चारच्या सुमाराला धोंडीबा आला. पायरीखाली चपला काढून वर चढला. एका रोलला त्यानं हात लावला, आणि तो हात कपाळाला टेकवला.

“किती कापू, मामा?” मुनवरनं कात्री उचलली.

“कापू नका.” धोंडीबा अवघडून उभा राहिला. “सोयाबीन वाळत घातलं की दिवसातून तीनदा पायानं फिरवावं लागतंय, मुनवरभाई. चाची सायबाला काय बोलली ते पार ढोकी गावापर्यंत गेलंय. आता ह्याच्यावर पाय कसा द्यावा माणसानं?”

मुनवरनं कात्री खाली ठेवली.

धोंडीबानं रोलांच्या मागं डोकावून बघितलं. “पायाखाली घालायचं दुसरं काही असलं तर दाखवा की.”