विजेची बचत

नवऱ्याने वीज वाचवायला घरभर बिनतारी सेन्सर बसवले आणि घरीच शिवणकाम करणाऱ्या बायकोच्या डोक्याला ताप झाला. ती मान खाली घालून टाके घालत बसली, की खोलीत कुणीच नाही असं समजून दिवा विझायचा. भिंतीवरचं बटण शोभेपुरतं उरलं होतं. “जरा हलत जा की,” नवरा म्हणायचा. आज एका नवरीच्या झग्याची शिवण उसवताना अंधार झाला आणि ब्लेड रेशमात घुसलं. तिने नवऱ्याला फोन लावला. “मीटिंगमध्ये आहे,” म्हणत त्याने फोन ठेवला. ती झगा आणि शिलाई मशीन उचलून तडक बहिणीकडे गेली. संध्याकाळी त्याचाच फोन आला. “अगं, मोबाइलवर बघतोय, आज घरात वीज जवळपास लागलीच नाही! जमलं ना शेवटी?” “जमलं,” भोकावर रेशमी फूल टाचत ती म्हणाली. “उद्याही लागणार नाही. मी मशीनसकट ताईकडे राहायला आलेय.”