आले-गेले

“मुलगा आलाय माझा. छाप,” साप्ताहिकाच्या कचेरीच्या दारातूनच मावशींनी फर्मान सोडलं.

संपादकानं मान वर केली. चार पानांच्या त्या पेपरचा लिहिणारा तोच, छापणारा तोच आणि सायकलवरून घरोघर टाकणाराही तोच. जगाची खबर द्यायला मोठे पेपर होते. गल्लीची खबर मात्र याच्याकडे. लोक आधी शेवटचं पान उघडत. तिथं ‘आले-गेले’ असे. कुणाकडे कोण आलं, किती राहिलं. मावशींच्या समोर राहणाऱ्या बाईकडे तर लेकी-जावयांची रीघच. मावशींचं नाव त्या पानावर कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

परवा जिन्यात समोरचीनं विचारलं होतं, “मुलगा विसरला की काय हो तुम्हाला?”

“येतोय रविवारी!” मावशी बोलून गेल्या. थुंकी गिळता येते, शब्द नाही. आणि रविवार तर उजाडला.

“येऊन बघतो,” संपादक म्हणाला.

“माझ्या शब्दावर भरवसा नाही?”

“आहे, मावशी. पण दारात पाहुण्याच्या चपला बघितल्याशिवाय मी कुणाचंच छापत नाही. माझ्या सासूबाई आल्या, तेव्हाही आधी चपला बघितल्या.”

“आणि बघून पळाला असशील.”

दुपारी तो आला. दारात काळे बूट होते. मुलगा जाताना टाकून गेलेले. मावशींनी सकाळी माळ्यावरून काढून त्यांना आरशासारखं पॉलिश केलं होतं. संपादक वाकला. बुटांच्या पोटात कागदाचे बोळे तसेच होते. त्याच्याच पेपरचे, पिवळे पडलेले.

मावशींनी त्याची नजर कुठं गेली ते पाहिलं. पण माघार घेतील तर त्या मावशी कसल्या?

“झोपलाय तो. प्रवासानं दमलाय. उठवणार नाही मी.”

“नका उठवू,” तो म्हणाला. बुटांशेजारी त्यानं स्वतःच्या चपला काढल्या आणि आत आला.

मावशींनी दुसऱ्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग पलंगावर लोटला. चहा टाकला. मग बोलत सुटल्या. कोपऱ्यावरचं झाड कुणी लावलं, दवाखान्याच्या जागी आधी काय होतं, कोण कुणाचा हात धरून पळालं. आतल्या खोलीकडे दोघांनीही पाहिलं नाही. तो गेल्यावर मावशी कप विसळायला उठल्या आणि मोरीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. या घरात दुसरा कप उष्टा होऊन जमाना झाला होता.

अंक आला तसं त्यांनी दार लावून घेतलं. आता एक तर खोटं छापलं असणार, नाही तर अब्रू गेली असणार. शेवटच्या पानावर बोट ठेवून त्या अक्षर अक्षर जुळवू लागल्या. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे रविवारी पाहुणे आले. चहा झाला, गप्पा झाल्या. पाहुणे: या पेपरचे संपादक.’

मावशी अंक मुठीत घेऊन तडक कचेरीत गेल्या.

“बातमी अर्धीच छापलीस.”

“काय राहिलं?”

“पाहुणा पुढच्या रविवारी परत येतो म्हणाला, ते.”

“असं मी कधी म्हणालो, मावशी?”

“मग आता म्हण.”