भंडारा येण्याआधी

एकोणीसशे अठ्ठावन्नचा श्रावण. गोजराची सहा वर्षांची लेक सगुणा महिनाभर तापाने फणफणत होती, त्यात तिच्या दाट कुरळ्या केसांत मुठीएवढा गुंता झाला. तो पाहून सासूबाईंनी हात जोडले.

"देवीची जट हाय ही. आता पोर तिची. फणी लावलीस तर रक्त ओकशील, गोजरा!" एवढं बजावून त्या जटेला लावायचा भंडारा आणायला बाजाराला गेल्या.

भंडारा लागला की लेक देवीला सोडावी लागणार, हे गोजराला ठाऊक होतं. तिने दाराला कडी घातली. वाटीभर खोबरेल गुंत्यात जिरवलं आणि पोती शिवायच्या दाभणाने ती एकेक बट सोडवू लागली. बाहेर चपला वाजल्या की हात जागीच थांबायचा.

"आई, देवी रागवंल का गं?"

"रागवली तर माझ्यावर. तू मान हलवू नगंस."

सासूबाईंनी कडी वाजवली, तेव्हा गोजरा दुसऱ्या वेणीला लाल रिबीन बांधत होती. गाठ मारून झाल्यावरच ती दार उघडायला उठली.

सासूबाईंनी मरेपर्यंत सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. सगुणा शिकली, नर्स झाली, आता नातीच्या वेण्या घालते. गोजराला रक्ताची उलटी कधीच झाली नाही. मात्र ऐंशीव्या वर्षापर्यंत, रोज सकाळी चूळ टाकली की ती आधी वाकून पाण्याचा रंग बघायची.