टमरेलची नवी सीडी

प्रमोदने प्लेअरमध्ये सीडी सरकवली आणि विक्रांत मांडी ठोकून बसला. एखाद्या ढ पोराचा पेपर तपासायला मास्तर बसतात, तसा.

‘टमरेल’ हा त्या दोघांचा जुना बँड. पंक म्हणजे तीन सुरांत आरडाओरड, आणि टमरेलचा पंक म्हणजे संडासच्या रांगेपासून पाण्याच्या टँकरपर्यंत दिसेल त्या गोष्टीवर खिदळत केलेली आरडाओरड. प्रमोद गिटार घेऊन ओरडायचा, विक्रांत ड्रम बडवायचा. पुढे लग्नं झाली, विक्रांत उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर झाला आणि बँड बसला. आता इतक्या वर्षांनी टमरेल परत येत होतं. शनिवारी बदलापुरात कार्यक्रम होता. सीडीवर ड्रम कुणी भाड्याच्या माणसाने वाजवला असेल, पण स्टेजवर आपल्याशिवाय यांचं पान हलणार नाही, याबद्दल विक्रांतला तिळमात्र शंका नव्हती. प्रमोद अंबरनाथला घरी येतोय म्हटल्यावर त्याने दाढी करून ड्रमच्या काठ्या टीपॉयवर दिसतील अशा मांडल्या होत्या.

गाणं सुरू झालं. ‘गुडघ्याला तेल लाव राणी, आज मला पंक गायचाय.’ चाल संथ. प्रमोद चक्क सुरात गात होता.

“काय रे, बॅटरी उतरली काय तुमची?” विक्रांत म्हणाला.

“वय झालं, विकी. पुढे ऐक ना.”

मग ढोलकी आली. घाई नाही, गडबड नाही. कडव्याच्या शेवटी ती गपकन थांबली, त्या फटीत प्रमोद हळूच म्हणाला, ‘डॉक्टर म्हणतो उडी मारू नका,’ आणि ढोलकीने पुन्हा उचललं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली विक्रांतची बायको माया खळखळून हसली.

विक्रांतच्या पोटात दुखायला लागलं. लग्नाआधी ही बाई त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला यायची, ती कानात कापूस घालून. हसल्याचं त्याला एकदाही आठवत नव्हतं. हसणार कशी? त्याच्या ड्रमखाली शब्द कुणाला ऐकूच यायचे नाहीत.

दुसऱ्या कडव्याला ढोलकी तश्शीच थांबली आणि त्याने तो हात ओळखला.

त्या थांबण्यासाठी लहानपणी त्याने टपल्या खाल्ल्या होत्या. त्याचे वडील, भगवान, गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीला वस्तीवस्तीत त्यांची पार्टी भीमगीतं गायची. “गाणाऱ्याला श्वास घेऊ दे की रे,” ते पोराला सांगायचे. पोराचे हात मात्र नेहमी गाण्याच्या पुढे पळायचे. मग पोराने ढोलकी सोडून ड्रम धरला. तिथेही हात पळालेच, पण लोक म्हणाले, काय स्पीड आहे, याला म्हणतात पंक! त्यामुळे ती चूक कुणी काढली नाही.

त्याने वडिलांकडे पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते कॉटवर बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

“ओळखलंस ना?” प्रमोद खूश होऊन म्हणाला. “काकांनी वाचवलं आम्हाला. आणि खरं सांगू, तू वाचवलंस. मी फोन केला, काकांनी उचलला. म्हटलं, वाजवणाऱ्याला उल्हासनगरला स्टुडिओत पाठवा. मला वाटलं तू येशील. तर दारात काका, ढोलकी घेऊन! परत कसं पाठवणार? मग कळलं, तूच आपल्या जागी पाठवलं असणार. मोठं मन लागतं यार त्याला.”

विक्रांतला कसलाही निरोप मिळाला नव्हता. एक शब्द बोलला असता तर बापाची अब्रू तिथेच गेली असती. तो शब्द त्याच्या जिभेवर आला होता.

“मला कुठे वेळ आहे,” तो म्हणाला.

“तेच म्हटलं. चला काका, प्रॅक्टिसला उशीर होतोय. मी खाली रिक्षा थांबवतो.” प्रमोद धडाधड जिना उतरून गेला. तो बोलवायला आला होता, पण विक्रांतला नव्हे.

भगवानने गवसणीतली ढोलकी खांद्याला लावली. चपला घालताना मान खाली ठेवूनच ते म्हणाले, “वाजवणाऱ्याला पाठवा म्हणाला तो. तुझं नाव नाय घेतलं.”

“हं.”

“मला वाटलं, मलाच बोलावतोय.”

विक्रांतने टीपॉयवरच्या काठ्या उचलून बाजूला ठेवल्या. बापाचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण वाटत होता, तळपायाची आग मस्तकात जावी इतका. त्या फोनचा, त्या स्टेजचा, मायाच्या हसण्याचा. आणि सगळ्यात जास्त त्या थांबण्याचा, कारण ते शिकवूनही त्याला आलं नव्हतं.

भगवान क्षणभर उंबऱ्यात घुटमळले, मग निघून गेले.

माया आत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. “तो फोन तुमच्यासाठी होता ना?”

सीडीवर आता दुसरं गाणं सुरू झालं होतं.

“पहिलं गाणं परत लाव,” विक्रांत म्हणाला. तिने बटणाला हात घातला तसा तो घाईने पुढे सरकला. “आवाज बारीक ठेव. बाबा अजून जिन्यातच असतील.”