आवाजाचं कुलूप

"एवढा मोठा आवाज आपल्याला लागतो कशाला?" नवरा पुन्हा म्हणाला.

"मला लागतो," बायको म्हणाली, आणि विषय तिथंच मिटला.

फिटर भिंतीला भोकं पाडत होता. काल दुकानातही फिटरच्या समोर हीच हुज्जत झाली होती. नवऱ्याला साधा टीव्ही आणि त्यामागे लावायची सिनेमे बघायची डबी, एवढंच हवं होतं. बायकोने मात्र दुकानातला सगळ्यात दांडगा साउंडबार उचलला आणि वर वूफरही घेतला. घ्या बापडे, फिटरला काय! त्याला काम मिळाल्याशी मतलब.

पण आज बायकोचा उजवा हात पाहून तो थबकला. बोटांच्या सांध्यांवर पट्टी होती, कडेने जांभळी सूज.

"काय झालं ताई?"

"दारात सापडला." तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान खाली घातली.

दारात सापडला म्हणे! फिटरच्या डोक्यात तिडीक गेली. त्याची धाकटी बहीणही अशीच जिन्यावरून पडायची. तळमजल्यावर राहणारी बाई जिन्यावरून रोज कशी पडते, हे घरात कुणी विचारलंच नाही. नवऱ्याने तिच्या कानाचा पडदा फाडला, तेव्हा विचारलं. फिटरने मेहुण्याचे पुढचे दात पाडले, पण बहिणीचा कान काही परत आला नाही. पुन्हा आपल्या डोळ्यांदेखत असं होऊ द्यायचं नाही, काय वाट्टेल ते होवो, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं.

आणि हा नवरा तर त्याची पाठ सोडत नव्हता. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. फिटर जिकडे जाईल तिकडे हा मागे हजर.

"एवढ्यात झालं? ती वायर पुन्हा एकदा बघा ना. राउटर पलीकडे हलवायचा का? वेळ लागू दे, आम्हाला घाई नाही."

पाळत ठेवतोय लेकाचा, फिटर मनात म्हणाला. बायकोशी मेला एक शब्द बोलू देत नाही.

बायको आतल्या खोलीत इस्त्री करायला गेली, तसा नवरा त्याच्या कानाशी लागला.

"आवाजाला कुलूप घालता येतं का हो? म्हणजे एका मर्यादेच्या वर तो जाताच कामा नये."

"येतं. पिन टाकायचा."

"मग टाका. पिन फक्त मला सांगा. हिला कळू देऊ नका."

"का बरं?"

नवऱ्याने कोरडे ओठ चाटले. "आहे तसंच काहीतरी."

फिटरने दात-ओठ खात पिन टाकला. बाईला आपल्याच घरात मनासारखा टीव्ही ऐकायची चोरी! नवरा स्टूल ठेवायला बाल्कनीत गेला आणि तेवढ्यात बायको बाहेर आली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"ताई, तुमच्या साहेबांनी आवाजाला कुलूप घालायला लावलंय. तुमच्यापासून चोरून. मी काढून टाकतो, काळजी करू नका."

तिने रिमोट उचलून त्याच्या हातात दिला. मग हळूच म्हणाली, "आता मला त्यांच्याशी बोलावंच लागेल."

"जपून हं. मी इथंच आहे."

"तुम्ही आवाज पूर्ण करून तपासत बसा. घरातलं बोलणं बाहेरच्याच्या कानावर नको." तिने बाल्कनीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा आत येता का?"

नवरा तिच्यामागे आतल्या खोलीत गेला. दार लागलं.

फिटरने कुलूप काढलं आणि हाणामारीचा एक सिनेमा लावला. खिडकीची तावदानं थरथरली, हाडं मोडल्याचे आवाज त्याच्या पोटात घुमले. मग तो डावा-उजवा स्पीकर वेगवेगळा तपासू लागला. एक थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये जरा शांतता असते. त्या शांततेत आतून कण्हणं ऐकू आलं, तोंड दाबून धरल्यासारखं. पाठोपाठ जळल्याचा वास आला.

त्याने लाथेने दार उघडलं.

नवऱ्याच्या हातात तापलेली इस्त्री होती. बायको कपाटाला पाठ लावून उभी, पट्टीचा हात छातीशी धरलेला.

"ठेव ती खाली!"

"अहो, ऐका तरी माझं..."

फिटरने ऐकलं नाही. त्याने नवऱ्याचं मनगट पिरगाळलं, इस्त्री खाली आदळली. पहिल्या ठोशात नाकाचं हाड मोडलेलं त्याच्या मुठीला जाणवलं. दुसऱ्या ठोशाला नवरा टेबलावर कोसळला आणि घडी केलेल्या चादरींवर रक्त उडालं. तो खाली पडला, तरी फिटर बरगड्यांत लाथा घालत राहिला.

"बाईमाणसावर मर्दुमकी दाखवतोस, हलकटा? माझ्यावर दाखव ना! ऊठ!"

नवऱ्याने एकदाही हात उगारला नाही. नुसता डोकं धरून मुटकुळं करून पडून राहिला. बाहेर शेळी आणि घरात वाघ, ही जातच तसली! फिटरचा संताप अनावर झाला. आता याला जिन्यावरून खरोखरच ढकलायचा, म्हणून त्याने मागून कॉलर धरून हिसका दिला. बटणं तुटली. शर्ट सोलून हातात आला.

फिटरचा हात तिथंच थांबला.

मानेपासून कमरेपर्यंत सगळी पाठ भाजलेली होती. टोकाकडे निमुळते होत गेलेले डाग, एकाला एक लागून. काही जुने, काळे पडलेले. काहींवर खपली. एक आत्ताचा होता. त्यावरची कातडी शर्टाच्या कापडाबरोबर निघून आली होती.

नवऱ्याने रक्ताळलेल्या हातांनी त्याच्या पायाला मिठी मारली. "जाऊ नका हो," तो म्हणाला. "पाया पडतो, जाऊ नका."

बायकोने वाकून इस्त्री परत आपल्या हातात घेतली आणि वायरचा पीळ सोडवला.

"दादा, तुमचं काम झालं ना? निघा आता. बाकीचं मी बघते."